चेंडू धरणारा

"अहो, तो कोट काढा बघू. आत्ताच पाठ भिजलीय तुमची," मी ओट्यापाशी उभी राहून ओरडले.

"राहू दे गं. तिकडे सगळे कोटात असणार."

"तिकडे थंडी आहे! इथे पंखा पाचवर ठेवूनही माझा जीव जातोय."

हे हसले, पण कोट काही काढला नाही. जेवणाच्या टेबलाशी ताठ बसून त्यांनी भाषण पुन्हा एकदा पुटपुटायला सुरुवात केली. दोन मिनिटांचं भाषण, पण गेले पंधरा दिवस घरात दुसरा विषय नव्हता. मलासुद्धा ते तोंडपाठ झालं होतं. पोहे परतता परतता मीच म्हणत होते, "गुड इव्हनिंग, माय नेम इज उल्हास देवधर, अँड आय हेल्ड द बॉल." मेलं, देवाचं स्तोत्र इतकं सहज पाठ झालं नाही कधी.

रुचिर, आमचा मुलगा, इथे सिंगापुरातच मरीन परेडला राहतो, तो सकाळीच आला होता. बायको-मुलीला झोपेत सोडून, रविवार असून. त्यानं स्वतःचा लॅपटॉप टेबलावर मांडला आणि ह्यांच्या चेहऱ्यावर नीट उजेड पडावा म्हणून खिडकीचा पडदा वरखाली करत बसला.

"बाबा, रिलॅक्स ला," इथल्या पोरांच्या त्या 'ला'सकट तो म्हणाला. "इट्स ओन्ली अ व्हिडिओ कॉल."

"ओन्ली काय ओन्ली? पंचेचाळीस वर्षांनी भेटतायत ते मला."

खरंच होतं ते. ओहायोमधल्या एका लहानशा गावात लार्कफील्ड नावाचं कॉलेज आहे. आहे म्हणायचं, येत्या उन्हाळ्यात ते बंद होतंय. मुलंच येत नाहीत म्हणे. त्या कॉलेजच्या सगळ्या इतिहासात त्यांच्या फुटबॉलच्या टीमनं एकदाच विजेतेपद मिळवलं, १९७९ साली. तर कुलूप लागायच्या आधी त्या टीमला एकदा सन्मानानं बोलवायचं ठरलं होतं. जे जाऊ शकतील ते कॉलेजच्या जिममध्ये जमणार, बाकीचे पडद्यावर. माजी विद्यार्थ्यांच्या यादीवरून सगळ्यांना मेल गेली, तशी ह्यांनाही आली. 'डिअर टीममेट' अशी सुरुवात होती. ती मेल वाचून हे खुर्चीतून उठले, घरभर एक चक्कर मारली आणि परत येऊन वाचायला बसले. जायचं फार मनात होतं, पण हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी एवढ्या लांबच्या विमानप्रवासाला साफ नकार दिला.

हा अमेरिकन फुटबॉल मी जन्मात पाहिलेला नाही. पण त्या एका सीझनमधला शनिवारन् शनिवार मला माहीत आहे. ह्या खेळाला नाव फुटबॉल, आणि सगळे लांबोडका चेंडू छातीशी धरून पळतात नि एकमेकांच्या अंगावर पडतात. पायानं मारणारा टीममध्ये एकच. त्यानं मध्येच यायचं, चेंडूला लाथ घालायची आणि तो दोन उंच खांबांच्या मधून पार करायचा. लार्कफील्डच्या मुलांना ते जमत नव्हतं. हे पुण्याहून शिकायला गेलेले, कॅम्पातल्या मैदानांवर आपला नेहमीचा फुटबॉल खेळून वाढलेले. तिथे ह्यांना इराणचा एक मुलगा भेटला, बेहरूझ. दोघं होस्टेलच्या मागे संध्याकाळी चेंडू मारत बसायचे, ते कोचनं पाहिलं आणि दोघांनाही उचलून टीममध्ये घातलं. बेहरूझचा पाय तोफेसारखा. म्हणून मारायचं बेहरूझनं, आणि त्याच्यासाठी चेंडू धरायचा ह्यांनी.

हो, त्यासाठीही एक माणूस लागतो. त्याला होल्डर म्हणतात. एक गुडघा जमिनीला टेकवून बसायचं, समोरच्या गड्यानं मागे फेकलेला चेंडू झेलायचा, क्षणात तो टोकावर उभा करायचा, त्याची शिवण मारणाऱ्याकडून पलीकडे फिरवायची आणि वरून एका बोटानं धरून ठेवायचा. समोरून दांडगे अंगावर धावून येत असतात, तरी हलायचं नाही. आणि मारल्यावर वर बघायचं नाही. चेंडू गेला की नाही ते लोकांच्या ओरडण्यावरून कळतं, असं हे सांगायचे. रुचिर लहान असताना हे त्याला नारळ टेबलावर उभा करून दाखवायचे. जमिनीवर बसून दाखवणं शक्य नव्हतं, कारण उजवा गुडघा वाकत नाही.

तो गुडघा मी लग्नाच्या आधीपासून ओळखते. मला बघायला आले तेव्हा आमच्या नानांनी विचारलं होतं, "पायाला काय झालं?" तर हे म्हणाले, "अमेरिकेत मॅचमध्ये लागलं." नाना इतके खूश झाले की बस. खेळाडू जावई मिळाला! पुढे मी त्या गुडघ्याचं काय काय केलं ते मलाच माहीत. तेल चोळलं, शेक दिले. सत्यनारायणाला आमचे यजमान खुर्चीवर बसलेले, तर भटजी नाक मुरडायचे. सिंगापूरला आलो तेव्हा ह्या ब्लॉकची लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबत नव्हती. खालच्या मजल्यावर उतरून एक जिना चढावा लागे. बँकेतून परत येताना हे त्या जिन्यावर मधेच उभे राहायचे. मी दार उघडून ऐकत बसायचे, आत्ता चढतील, मग चढतील.

बँकेत म्हणाल तर हे आयुष्यभर मागच्या खोलीत राहिले. कामात चूक नाही, रजा नाही, कुणाशी भांडण नाही. म्हणूनच कुणाच्या लक्षातही राहिले नाहीत. काल आलेली पोरं साहेब होऊन ह्यांच्या पुढे गेली. निवृत्तीच्या दिवशी केकवर आडनाव चुकीचं लिहिलेलं होतं आणि तो कापून हे मुकाट्यानं घरी आले. माझा संताप संताप झाला होता! पण हे म्हणायचे, "एकदा खेळलोय गं मी. एकदा एका टीममध्ये होतो. सगळ्यांच्या नशिबात तेवढंही नसतं."

तर आज सकाळी ह्या माणसाला काय हवं होतं? बक्षीस नको, टाळ्या नकोत. त्या म्हाताऱ्यांपैकी एकानं पडद्यावर बघून "अरे, उल्हास!" म्हणायला हवं होतं. एवढंच. मी तर देवालाही सांगितलं होतं, बाबा, एवढं कर.

नऊ वाजले. पडद्यावर जिम दिसायला लागलं. फुगे, लांब टेबलं, टक्कल पडलेले, ढेऱ्या सुटलेले, काठ्या घेतलेले म्हातारे. काही चेहरे आमच्यासारखेच चौकोनांत. हे पुढे वाकून एकेकाला ओळखायला लागले. "हा बिल. अगं, केवढे केस होते ह्याला! आणि हा... थांब, थांब... ड्वेन! आमचा कॅप्टन."

ड्वेन चाकाच्या खुर्चीत होता. एके काळी दरवाजा भरून टाकणारा माणूस, असं हे सांगायचे, तो आता चादरीत गुंडाळलेला. नाकात ऑक्सिजनची नळी. शेजारी त्याची मुलगी लिंडा माइक घेऊन उभी होती. सगळा कार्यक्रम तिनंच जुळवून आणला होता.

बोलणं सगळं इंग्रजीत चाललं होतं, मी आपलं माझ्या भाषेत सांगते.

लिंडा म्हणाली, "बाबा लवकर दमतात, म्हणून आधी त्यांना बोलू देऊ. त्यांना एका माणसाशी बोलायचंय. त्याच्यासाठीच खरं तर हे सगळं." मग ती आमच्या चौकोनाकडे वळली. रुचिरचं पडद्यावरचं नाव बदलायचं राहून गेलं होतं, खाली 'रुचिर' असंच दिसत होतं. "सिंगापूरहून जे आहेत... सर, तुम्हीच ना? आमचे परदेशी?"

ह्यांनी जोरात मान हलवली. "हो, हो, मीच! गुड इव्हनिंग!" पण आमचा आवाज बंद होता. रुचिर बटण शोधायला लागला, तोवर ड्वेननं माइक हातात घेतला.

"बेहरूझ," तो म्हणाला.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, नुसतं अडकून पडलेलं.

"बेहरूझ, तू आलास. मला वाटलं नव्हतं तू येशील." ड्वेन दर दोन शब्दांनी श्वास घेत होता. "मी काय केलं ते ह्या सगळ्यांसमोर सांगायचंय मला. त्या नोव्हेंबरात तेहरानमध्ये आमच्या वकिलातीतली माणसं धरून ठेवली होती. रोज टीव्हीवर तेच. आमचं डोकं फिरलं होतं. तू आम्हाला इतके सामने जिंकून दिलेस आणि आम्हीच तुझ्यावर थुंकलो. मग शेवटच्या मॅचच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिघं जिमच्या मागे थांबलो. अंधार पडला होता. तू आलास, पाठीवर तुझं नाव असलेलं ते टीमचं जॅकेट घालून. पाइप माझ्या हातात होता. मी तुझ्या गुडघ्यावर मारला. हाड मोडल्याचा आवाज मला आला, बेहरूझ. अजून येतो. दुसऱ्या दिवशीपासून तू कुणाला दिसला नाहीस. तुला पळवून लावलं मी."

जिममध्ये काही माना खाली गेल्या.

मी ह्यांच्या गुडघ्याकडे बघत होते. टेबलाखाली, नेहमीसारखा सरळ पुढे पसरलेला. मॅचमध्ये लागलं म्हणे. इतकी वर्षं मी त्याला तेल चोळलं. मी पदर तोंडाला लावला.

"बाबा?" रुचिर हळूच म्हणाला. "बाबा, इज दॅट... युवर नी?"

ह्यांनी स्वतःच हात पुढे करून आवाजाचं बटण दाबलं.

"ड्वेन," हे म्हणाले. हसू पुन्हा चेहऱ्यावर आणलं होतं. "ड्वेन, तो बेहरूझ नव्हता. बेहरूझ त्याच दुपारी कुणाला न सांगता गाव सोडून गेला होता. जाताना जॅकेट मला देऊन गेला, माझ्याकडे गरम काही नव्हतं म्हणून. तो मी होतो. मी उल्हास."

"कोण?"

"उल्हास. इंडियाचा. मी होल्डर होतो. बेहरूझसाठी चेंडू मी धरायचो."

तिकडे म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मागून कुणीतरी म्हणालं, "चेंडू टॉमी धरायचा ना?"

"हो, टॉमीच," दुसरा म्हणाला. "बिचारा टॉमी. मागच्याच वर्षी गेला."

"टॉमीनं शेवटच्या मॅचला धरला," हे घाईघाईनं म्हणाले. "मी हॉस्पिटलात होतो म्हणून. त्याच्या आधीच्या सगळ्या मॅचेसना मी होतो. बिल, आपण बसमध्ये शेजारी बसायचो. तू मला तुझ्या आईनं केलेला अ‍ॅपल पाय द्यायचास."

बिल नावाचा तो म्हातारा ओशाळून हसला. वाईट माणूस नसावा. आठवायचा प्रयत्न करतोय हे दिसत होतं. "दोघं होते का?" त्यानं शेजाऱ्याला विचारलं. "मला एकच आठवतोय."

लिंडानं टीमचा फोटो पडद्यावर लावला. विजेतेपदानंतर काढलेला. ओळीनं उभी तगडी पोरं, मध्ये चषक. "सर, तुम्ही ह्यात कुठे आहात?" तिनं चांगल्या मनानं विचारलं.

हे फोटोत शोधायला लागले. अहो, जो माणूस तेव्हा हॉस्पिटलात पाय टांगून पडला होता तो फोटोत कुठून असणार? ते त्यांना माहीत नव्हतं का? तरी शोधत होते. एकेका चेहऱ्यावरून बोट फिरवत. मला ते बघवेना. मी म्हटलं, "अहो, पुरे." पण ह्यांचं बोट शेवटच्या ओळीपर्यंत गेलं आणि मगच खाली आलं.

तेवढ्यात ड्वेन ओरडायला लागला. त्याला ओरडणं म्हणायचं, घशातून नुसती घरघर येत होती. "मग तो कुठे आहे? लिंडा, तू म्हणालीस तो येणार. बेहरूझ कुठे आहे? हा कोण आहे?" त्यानं नळी ओढून काढली. दोघं धावले. लिंडानं नळी परत लावली, त्याचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं फोनवर काहीतरी टाइप केलं.

लॅपटॉपच्या कोपऱ्यात तिचा निरोप उमटला, फक्त आम्हाला दिसेल असा. रुचिरनं तो वाचला आणि त्याचा चेहरा लाल झाला.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"ती म्हणतेय... डॉक्टरांनी थोडेच दिवस सांगितलेत. बाबांनी प्लीज बेहरूझ व्हावं. दोन मिनिटं. त्यांना शांतपणे जाऊ द्यावं." मग तो उभाच राहिला. "नो वे. बाबा, आय अ‍ॅम कटिंग दिस कॉल."

"कर बंद!" मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता कर. लाजा नाहीत वाटत! माझ्या नवऱ्याचा पाय मोडायचा, वर त्याला म्हणायचं तू तो नव्हेसच! आणि आता ह्यांनीच त्याला शांती द्यायची? का म्हणून? मरू दे तसाच तळमळत!"

तोंडातून गेलं आणि मला स्वतःचीच भीती वाटली. पण खोटं का सांगू, तेव्हा मला तेच म्हणायचं होतं.

ह्यांनी रुचिरचा हात बाजूला केला. पडद्यावर ड्वेन लहान मुलासारखा रडत होता. त्याच्याकडे बघत ह्यांनी कोटाची बटणं लावली. भाषणाच्या वेळी लावायची म्हणून उघडी ठेवली होती ती.

"कॅप्टन," हे म्हणाले. "कॅप्टन, इकडे बघ. गंमत केली तुझी. मीच बेहरूझ."

ड्वेनची मान वर झाली. "बेहरूझ?"

"हो. दुसरं कोण असणार? दुसरं कुणी नव्हतंच."

"पाय... पाय कसा आहे तुझा?"

"एकदम बरा. माझ्या मुलाच्या लग्नात नाचलो मी."

धादांत खोटं. रुचिरच्या लग्नात हे खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होते.

"माफ केलंस मला?"

मला वाटलं, आता तरी म्हणतील काही. आतापर्यंत तोंडाशी आलेलं सगळं बाहेर पडेल. पण हे म्हणाले, "केव्हाच केलं, कॅप्टन. तू झोप आता निवांत."

जिममध्ये सगळे उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. काही जण डोळे पुसत होते. "थँक यू, बेहरूझ!" मागून कुणीतरी ओरडलं. लिंडानं हात जोडले, ड्वेनची खुर्ची वळवली आणि म्हणाली, आता फ्लोरिडाहून आपले अमुक अमुक बोलतील. दोन मिनिटांचं भाषण तसंच राहिलं. कुणी मागितलंच नाही. ह्यांनी स्वतःच लॅपटॉपचं झाकण खाली केलं.

रुचिर हॉलमध्ये फेऱ्या मारत होता. "बाबा, हा क्राइम आहे. यू शुड हॅव टोल्ड द पोलीस! निदान आम्हाला तरी सांगायचं."

"काय सांगायचं? स्कॉलरशिपवर गेलेला मी. पोलिसांत गेलो असतो तर आधी माझंच सामान बांधलं असतं."

"तरीपण! एनएसला आर्मीत होतो तेव्हा मला पण काय काय म्हणायचे कॅम्पमधले. मी घरी येऊन सांगत होतो ना तुम्हाला? तुम्ही म्हणायचात, दे आर युवर सेक्शन, रुचिर, त्यांना सांभाळून घे. ते ह्याच्यामुळे म्हणायचात?"

रुचिरनं वाकून बापाच्या खांद्याला खांदा लावला. त्याला रडू येत होतं आणि ते आमच्यासमोर यायला नको होतं. "मी खालून कॉफी घेऊन येतो," म्हणाला आणि गेला. कॉफी आणली, टेबलावर ठेवली, आणि मुलीचा, इराचा, पियानोचा क्लास आहे म्हणून निघून गेला. पोह्यांना कुणी हातही लावला नव्हता.

मग माझा बांध फुटला.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. "कुणी मारलं ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"ड्वेनचा आवाज ओळखला होता मी."

"आणि त्याच लोकांचे गोडवे गात बसलात आयुष्यभर? आमची टीम, आमचा कॅप्टन! पोराला नारळ मांडून दाखवत होतात! मला वाटायचं, बाई, कुठल्या सोन्यासारख्या माणसांत होते हे. आणि मी मूर्ख, देवाला साकडं घालतेय की त्यांनी ह्यांना ओळखावं म्हणून! राग कसा नाही आला हो तुम्हाला? माणूस आहात की दगड?"

"राग कशाचा?" हे म्हणाले. "ते मला मारायला आलेच नव्हते गं."

"म्हणजे?"

"बेहरूझला मारायला आले होते. अंधार होता, जॅकेट त्याचं होतं, चूक झाली त्यांची." हे माझ्याकडे न बघता सांगत होते, अगदी हळू. "हॉस्पिटलात पडल्या पडल्या मी तोच विचार करायचो. त्यांना जर कळलं असतं की हा उल्हास आहे, आपला होल्डर, तर ड्वेननं हात आवरला असता. मला उचलून आत नेलं असतं. कारण मी त्यांच्यातला होतो. मी घसरून पडलो असं तिकडे सगळ्यांना सांगितलं, ते का? त्यांना कळलं तर किती वाईट वाटेल, म्हणून. खरंच, तसंच वाटायचं मला. बँकेत काय, कुठे काय, कुणी विचारलं नाही की मी मनात म्हणायचो, असू दे, तिकडे एक टीम आहे. तिकडे मी कोण होतो ते त्यांना माहीत आहे."

घरात पंख्याचा आवाज येत होता आणि खाली कुठेतरी मुलं खेळत होती.

"त्यांना माहीतच नव्हतं गं," हे म्हणाले. "मी होतो हेच माहीत नव्हतं. कळलं असतं तरी हात आवरला नसता. कशासाठी आवरेल? ओळखतच नव्हता."

असं नाही हो, असं मी म्हणाले बहुतेक. त्याला काही अर्थ नव्हता. ह्यांनी हात टेबलावर टेकून स्वतःला उभं केलं आणि आतल्या खोलीत गेले.

दुपार झाली. मी दोनदा जेवायला बोलावलं, तर "भूक नाही" एवढंच उत्तर आलं. ताटं झाकून ठेवली, भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. आणि घासता घासता माझ्या मनात एक भलताच विचार आला, की ह्या माणसाला नावानं हाक मारणारं आता जगात कोण उरलंय? सासूबाई होत्या, त्या गेल्या. अरुणावन्सं होत्या, त्या करोनात गेल्या. बँकेत मिस्टर देवधर होते, शेजारचे अंकल म्हणतात, रुचिर बाबा म्हणतो, इरा आजो म्हणते. आणि मी? मी 'अहो'. आमच्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. लग्नात, डोहाळजेवणात लोकांनी अडवलं तेव्हा उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, तेही लाजत, सगळ्यांना हसवायला. त्यांना स्वतःला ऐकू जावं म्हणून मी ते नाव कधी उच्चारलंच नाही. सून आमच्या मुलाला सरळ रुचिर म्हणते, तेव्हा आधी आधी मला ते कानाला टोचायचं.

मी हात पुसले आणि खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. हे पलंगाच्या कडेला पाठमोरे बसले होते. कोट अजून अंगातच होता. दुखऱ्या पायातला मोजा काढायचा प्रयत्न चालला होता. तो एरवी मीच काढून देते.

नाव तोंडातून निघेना. आयुष्यभराची सवय, जीभ वळेना. घसा खाकरला, दाराची चौकट धरली.

"उल्हास," मी म्हटलं.

हे तसेच वाकून बसलेले. ऐकू आलं नसेल म्हणून मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. "उल्हास."

आता ह्यांनी मान वर केली, वळले, आणि माझ्या खांद्यावरून बाहेरच्या दाराकडे पाहिलं.

"कोण आलंय गं?" त्यांनी विचारलं.